सहा जूनची अडतीस माणसं

चौदा जानेवारीला त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण तो माझ्या नोकरीचा पहिलाच दिवस. अंगात नवा सदरा, खिशात आईनं बांधून दिलेली तिळगुळाची पुडी आणि समोर माझे वरिष्ठ. मी पुडी पुढं केली आणि त्या दिवशी सगळा महाराष्ट्र म्हणतो ते वाक्य म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि आज काय आहे, असं विचारलं. मी म्हटलं, संक्रांत.

"आज पानिपत आहे," ते म्हणाले. "लाख बांगडी फुटली आजच्या दिवशी, आणि तुम्ही मला गोड बोलायला सांगताय?"

पुडी गेली परत खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी आपणहून हात पुढं केला, दोन लाडू एकदम तोंडात टाकले आणि पाक जरा पुढं गेलाय असा शेराही मारला. पंधरा तारखेला पानिपत संपलेलं असायचं.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्याला लागून, पिंपरी आणि चिंचवडच्या मधे, कुलपं आणि बिजागऱ्या करणारा आमचा कारखाना होता. आजूबाजूला तेव्हा शेतंच जास्त. चिखली, दिघी, भोसरीची माणसं पायी नाहीतर सायकलवर यायची, दापोडीकडची रस्त्यानं मिळेल त्या गाडीला लटकून. हे गृहस्थ टाइमकीपर आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. गेटाशी आमची खोली. खिडकीतून प्रत्येकानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, भोंगा वाजला की खिडकी बंद, आणि पुढचे सगळे लेट. एवढंच आमचं काम. ते एवढ्यावर ठेवतील तर शपथ.

खिडकीशेजारी एक फळा होता. खरं तर तो सुट्ट्यांच्या नोटिसा लावायला दिलेला. त्यावर हे रोज सकाळी वळणदार अक्षरात आज जगात काय काय घडलं ते लिहायचे. आज म्हणजे याच तारखेला, पण दीडशे, तीनशे, पाचशे वर्षांमागं. त्यासाठी त्यांच्याजवळ हातानं शिवलेली एक जाडजूड वही होती. तीनशे सहासष्ट पानं, दिवसाला एक पान. एक पुरावा मिळाला तर पेन्सिल, दोन मिळाले तर शाई, असा कडक कायदा. एकोणतीस फेब्रुवारीचं पान चार वर्षांतून एकदा उघडायचे आणि त्या दिवशी कुणाशी भांडायचे नाहीत.

त्यांचं म्हणणं असं की दिवसाला स्वभाव असतो. माणसाला वाटतं कालच्यासारखाच आज उजाडला. पण सहा जून घ्या. त्याच तारखेला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि दोनशे सत्तर वर्षांनी त्याच तारखेला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या. हा दिवस शूरांचाच, त्याला इलाज नाही. अठरा जून त्याच महिन्यातला, पण रडका. वॉटर्लू अठरा जूनला, आणि झाशीची तलवार ग्वाल्हेरजवळ पडली तीही अठरा जूनला. त्या तारखेला कुणी उशिरा आला की त्याची खैर नसे. वॉटर्लूला मदत वेळेवर पोचली नाही म्हणून एक साम्राज्य बुडालं, हे त्या बिचाऱ्या पॉलिशवाल्याला उन्हात उभं राहून ऐकावं लागायचं. वर लेटमार्क लागायचा तो वेगळाच. कामगार त्यांना तारीखसाहेब म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

एव्हरेस्ट सर झालं त्या वर्षीची त्यांची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे. एकोणतीस मेला त्यांनी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं होतं की आजच्या दिवशी पाचशे वर्षांपूर्वी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. चार-पाच दिवसांनी वर्तमानपत्रात शिखराची बातमी आली, आणि माणसं वर पोचली ती तारीख निघाली एकोणतीस मे. बरोबर पाचशे वर्षं. हे खुर्चीवरून उठले, परत बसले, पुन्हा उठले. मग फळा पुसला आणि जून महिन्यात त्यावर एकोणतीस मेचा सुधारित मजकूर लिहिला. मॅनेजर म्हणाले, अहो, पगाराच्या तारखेची नोटीस लावायची होती तिथं. हे म्हणाले, पगार दर महिन्याला होतो.

एकच पान त्या वहीत कोरं होतं. एक जूनचं. त्या दिवशी फळ्यावर काहीही लिहिलेलं नसे. मी एकदा विचारलं तर फटकन म्हणाले, "एक जूनला जगात काही घडत नाही. त्या दिवशी फक्त मास्तर लोक पोरांना जन्माला घालतात." ते खरंही होतं म्हणा. खेड्यात जन्मतारीख लिहून ठेवतो कोण? बाप पोराला शाळेत घालायला आणायचा, मास्तर पोराचे दात बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्मलेला.

आणि नेमकं हेच प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं. प्रत्येक कामगाराचं नोकरीचं पुस्तक करा, त्यात जन्मतारीख हवी, असा हुकूम निघाला. दुसरा कुणी असता तर एका दुपारी सगळ्यांना एक जून टाकून मोकळा झाला असता. मी तर दौत काढून बसलोही होतो. त्यांनी दौतीवर झाकण ठेवलं.

मग जे सुरू झालं ते वर्षभर पुरलं. जुनी पंचांगं आणली, गठ्ठ्यांनी. एकेकाला जेवणाच्या सुट्टीत बोलवायचे आणि घरी आईला विचारून ये म्हणायचे. माणसं निरोप आणायची, आई म्हणते आखाडात झाला, बेंदराच्या पुढं, प्लेगानंतर दोन वर्सांनी. त्यावरून ते वर्ष काढायचे, पंधरवडा काढायचे आणि त्या पंधरवड्यात वहीतला चांगला दिवस बघून माणसाला द्यायचे. हे खोटं नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पंधरवडा आईचा, तारीख माझी. हा माणूस कुठल्यातरी दिवशी जन्मला असेलच ना? मग बरा दिवस का नको?" मी पुढचं पंचांग त्यांच्याकडं सरकवलं.

दापोडीचा एक मेकॅनिक होता, त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्याच्या अम्मीनं रमजानचा चांद आणि कडक ऊन एवढंच सांगितलं होतं. साहेबांनी तीन रात्री आकडेमोड करून त्याला एकोणतीस मे काढून दिला आणि त्या दिवसाच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या. उस्तादनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, तोडफोड तर रोजचीच आहे साहेब, मला ती डोंगराची बाजू द्या. पुढं तो कुणालाही सांगायचा की आपण डोंगरवाले आहोत.

माणसांना हे आवडू लागलं, खोटं कशाला बोलू, मलाही आवडू लागलं. ज्यांनी जन्मात कधी वाढदिवस हा शब्द उच्चारला नव्हता ती माणसं फळ्यापुढं उभी राहून माझ्या दिवशी काय झालंय, असं विचारायची. त्यात मालकांचा मुलगा विलायतेहून आलेला. त्यानं ज्याचा वाढदिवस त्याला दुपारनंतर भरपगारी सुट्टी जाहीर केली. वाढदिवस वर्षभर विखुरलेले असतात, असा त्याचा समज होता.

चिखलीचा एक पैलवान गडी आमच्याकडं प्रेसवर होता. तो ज्येष्ठातला. साहेबांनी त्याला सहा जून दिला आणि तिथं घोटाळ्याला सुरुवात झाली. यानं गावात देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं की महाराजांचा राज्याभिषेक आणि मी, आमचा दिस एक. झालं. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांच्या आयांना आठवायला लागलं. आधी जो आखाडात झाला होता तो ज्येष्ठात सरकला. जो पेरणीत झाला होता तो पेरणीच्या आदल्या आठवड्यात आला. जूनअखेरची तारीख मिळालेल्या एका पोराची आई दिघीहून तरातरा चालत गेटावर आली. साहेब तिला पंचांग दाखवायला लागले. ती म्हणाली, "बाळातपण तुमचं झालं का माजं? म्या सांगती न्हवं, पेरणीच्या आदी झाला." साहेबांनी पंचांग मिटलं. आईपुढं पंचांगाचं काय चालणार?

असं करता करता सहा जूनला अडतीस माणसं जमली. आम्ही दोघांनीही कधी बेरीज केली नव्हती, ही आमची चूक. ती सहा जूननंच करून दाखवली. दुपारी बाराला अडतीस जणांनी बिल्ले टाकले. प्रेसचं खातं बंद, घासकामाचं खातं बंद. फळ्याला झेंडूचा हार पडला, पेढे वाटले गेले आणि गेटासमोर लेझीम सुरू झाली. पैलवान मधे नाचत होता. आणि आमचं नशीब बघा, त्याच वेळी मुंबईच्या हेड ऑफिसच्या अधिकाऱ्याची मोटार गेटात आली. त्यानं काच खाली करून कसला सण आहे ते विचारलं. वाढदिवस, मी म्हटलं. कुणाचा, त्यानं विचारलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, आमच्या समद्यांचा.

चौकशी दुसऱ्याच दिवशी झाली. मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन खोलीत उभा होतो. अधिकारी गृहस्थ सभ्य होते, आवाज चढवला नाही, त्याचीच भीती जास्त. त्यांनी पुस्तकं एकेक उघडून बाजूला ठेवली आणि शेवटी म्हणाले, "शाळामास्तर सगळ्यांना एक तारखेला जन्माला घालतात. तुम्ही सहा तारखेला घातलंत. फरक काय?"

साहेबांनी समोरचं पुस्तक सरळ केलं. "पाच दिवसांचा," ते म्हणाले, पण त्यात दम नव्हता. मला तेव्हा हसू आलं नाही.

अधिकाऱ्यांनी तोडगा सांगितला. ज्यांच्याकडं दाखला नाही त्या सगळ्यांना सरसकट एक जून लावायचा, झालं ते नजरचुकीनं झालं असं लिहून साहेबांनी सही करायची, आणि प्रकरण मिटलं. मुदत शनिवारपर्यंत. सही नसेल तर सोमवारपासून गेटावर दुसरा माणूस. तोडगा काही वाईट नव्हता हो. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. आणि हे म्हणतात, एक जूनला मी कुणाला टाकणार नाही, त्या दिवशी काही घडलेलं नाही.

अधिकाऱ्यांनी गठ्ठ्यातून आणखी एक पुस्तक काढलं. साहेबांचं स्वतःचं. ते उघडून त्यांनी टेबलावर फिरवलं. तुमची तारीख एक जूनच आहे की, असं म्हणाले.

पाच वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

"मी दीड वर्षाचा असताना आई गेली," साहेब म्हणाले. "शाळेत घालायला मामा आला होता. त्याला महिनासुद्धा सांगता आला नाही. मास्तरांनी लिहिलं ते मॅट्रिकच्या दाखल्यावर चढलं. यांना विचारायला घरी कुणीतरी होतं, म्हणून म्हटलं यांचं तरी नीट करावं."

अधिकाऱ्यांनी पुस्तक मिटलं आणि शनिवारपर्यंत, एवढंच पुन्हा सांगितलं. मला त्या क्षणी साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

ते चिंचवडला विधवा बहिणीकडं राहायचे. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. गुरुवारी संध्याकाळी अक्का मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, तू तरी त्याला सांग बाबा. दोन घास कुठंही मिळतील, पण त्या गेटाशिवाय हा महिनाभर जगायचा नाही. मी सांगून पाहिलं. वीस मिनिटं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आज अमुक तह झाला होता हे मला ठाऊक आहे का, असं विचारलं. दगडावर डोकं आपटावं तसं झालं.

तेव्हा माझ्या डोक्यात उलटा विचार आला. हा माणूस एक जूनला नाही म्हणतो कारण तो दिवस कोरा आहे. आणि कोरा आहे कारण यानं रागापायी त्या दिवसाचा कधी शोधच घेतलेला नाही. दिवस भरला की गडी वळेल. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी खात्याखात्यातून फिरलो आणि एक जूनला काही घडल्याचं आठवतंय का, असं ज्याला त्याला विचारलं. एकाची म्हैस व्याली होती. एकाच्या सासऱ्यानं पाय मोडून घेतला होता. पैलवान म्हणाला, साळा उघडती, यापरीस वंगाळ काय असतंय.

मालाच्या पेट्या उचलणारा एक हमाल होता, नगरकडचा. पारनेरच्या बाजूचा, चार शब्दांच्या वर न बोलणारा. तो पेटीवर बसून भाकरी खात होता. त्यानं विचारलं, काय पायजे, लढाई का? मी म्हटलं, काहीही चालेल. मग तो हळूहळू बोलायला लागला, आणि मी त्याला हाताला धरून खिडकीशी आणला. जे मला सांगितलंस तेच साहेबांना सांग, म्हटलं.

तो सांगायला लागला. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, जूनच्या एक तारखेला, सरकारची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली. तो त्या गाडीत होता. साहेब म्हणाले, मोटार सुटणं हा काय इतिहास झाला? वहीत लढाया आहेत, तह आहेत, तख्तं आहेत. हमालानं डोक्यावरचं मुंडासं काढलं.

"तवर खाजगी मोटारी हुत्या, साहेब. मान्सं कोंबल्याबिगर हालायच्या न्हाईत. आमच्यासारक्याला टपावर चढवायचे, गाठुड्यांत. पैसं सारखंच घ्यायचे. त्या दिशी म्या सवयीनं टपावर चढाय लागलो, तर कंडक्टर म्हनला, अवो, आत बसा. बसा म्हनला मला. तवर मला बस असंबी कुनी म्हनलं नव्हतं, उतर म्हनायचे. वाटंत गावागावांत गाडीला हार घालत हुते, आन् म्या आत बसल्याला." त्यानं मुंडासं परत डोक्यावर ठेवलं. "आता ह्यो इतिहास हाय का न्हाई, मला ठावं न्हाई."

साहेबांनी पेन्सिल हातात घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, एक पुरावा झाला.

शनिवारी ते कामावर आलेच नाहीत. साडेतीनपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. मी बिल्ले वाटले, लेटमार्क लावले, अधिकाऱ्यांच्या शिपायाला दोनदा खोटं सांगितलं. पावणेचारला ते घामाघूम होऊन आले. पुण्याला वाचनालयात जाऊन त्या सालच्या जूनची जुनी वर्तमानपत्रं उपसून आले होते. बातमी सापडली होती. त्यांनी आधी स्वतःच्या नावापुढं लेटमार्क लावला, मग वही उघडली, शाईत दोन ओळी लिहिल्या आणि त्या वाळेपर्यंत थांबले. मग आत जाऊन त्यांनी सही केली.

माणसं कुरकुरली, कुरकुरणारच. पैलवानानं पुस्तकातली नवी तारीख वाचून घेतली आणि म्हणाला, कागदात कायबी लिवा साहेब, आमी आमचा दिस सोडनार न्हाई. साहेब म्हणाले, सोडू नका, फक्त सुट्टी मागू नका. अर्ध्या दिवसाची सुट्टी अर्थातच बंद झाली. मालकांच्या मुलानं पुढं दिवाळीला पितळी कुलपं वाटून त्याची भरपाई केली. उस्ताद तेवढा खट्टू झाला होता. त्याला साहेबांनी बाजूला घेऊन समजावलं की शिखर कागदानं खाली उतरत नाही.

हमालाला या सगळ्यात आपण काय केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब त्याला खिडकीशी आला की "या, बसा" म्हणायचे. तो बिचारा ओशाळून उभाच राहायचा, कारण आमच्या खोलीत तिसरी खुर्ची नव्हती. मग एक दिवस साहेबांनी स्वतः स्टूल आणलं.

पुढच्या वर्षी मेच्या शेवटी त्यांनी माझ्यापुढं रजेचा अर्ज ठेवला. माझ्या सगळ्या नोकरीत मी त्यांचा तो पहिला रजेचा अर्ज पाहिला. एक दिवसाची रजा, एक जूनची, कारणाच्या जागी खाजगी. मी अर्ज फायलीला लावला. त्या दिवशी गेट मीच सांभाळलं.

दोन तारखेला ते भोंग्याआधी अर्धा तास हजर. चेहरा उन्हानं रापलेला, कोटावर धूळ. मी विचारलं, कुठं जाऊन आलात? नगरला, म्हणाले. तिकडं कुणी नातेवाईक आहे का, मी विचारलं. कुणी नाही. मग काही काम? कामही नव्हतं. सकाळच्या गाडीनं गेले, नगरच्या स्टँडवर चहा घेतला, अर्धा तास बाकावर बसले आणि पुढच्या गाडीनं परत आले. जाताना कंडक्टरला कारण सांगितलं तर त्यानं ड्रायव्हरमागची पुढची जागा दिली, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी वैतागलो. या वयात, या उन्हात, उगीच एवढी दगदग करायची गरज काय होती, असं बोलूनही गेलो.

ते बिल्ले ओळीनं लावत होते. हात थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण कान लाल झाले होते.

"वाढदिवस होता ना माझा," ते म्हणाले. "म्हटलं, जाऊन यावं."